उत्तराचीही मात्रा असते

आमच्या विद्यार्थिदशेत, म्हणजे गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत, आमच्या एका गुरुजींकडे गावोगावच्या वैद्यांची पत्रे येत असत. कोणी पोस्टकार्डावर चार ओळी लिहिलेल्या असत, तर कोणी आंतरदेशीय पत्राची एकही बाजू कोरी न सोडता रुग्णाचा साद्यंत इतिहास मांडलेला असे. रविवारी सकाळी गुरुजी उत्तरे लिहावयास बसत आणि आम्हां विद्यार्थ्यांपैकी एकजण लेखनिक म्हणून त्यांच्यासमोर असे. मायना झाला की पहिले वाक्य ठरलेले : ‘‘आपल्या अमुक तारखेच्या पत्रात आपण असे विचारले आहे की...’’ आणि मग तो प्रश्न ते एक-दोन वाक्यांत पुन्हा सांगत. उत्तर त्यानंतर. आम्हांस तो कागदाचा आणि शाईचा अपव्यय वाटे. एकदा धीर करून तसे विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘अरे, त्याचा प्रश्न मला कळला आहे की नाही, हे त्याला कळायला नको का? आणि खरं सांगू? लिहून काढला की मलाही तो नीट कळतो.’’

शासकीय पत्रावर ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ अशा दोन ओळी असतात. त्यांना आपण दप्तरी सोपस्कार म्हणून हसतो. परंतु गुरुजींचे ते पहिले वाक्य आणि या दोन ओळी यांचे प्रयोजन एकच आहे : कोणत्या प्रश्नाला हे उत्तर आहे, हे वाचणाऱ्यास प्रथम कळावे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात इंटरनेटची सेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत वैद्यांचा पत्रव्यवहारही पोस्टकार्डावरून ई-पत्रावर आला. आता तो मोबाईलवरही आला आहे. एका वैद्याने एका वैद्यास विचारावे ही रीत मागे पडून, एकाने एकाच वेळी वीस-पंचवीस वैद्यांना विचारावे आणि त्यांतील कोणीही, केव्हाही, सर्वांना दिसेल असे उत्तर द्यावे, अशी सोय झाली. ही सोय मोठी आहे, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. दुर्गम तालुक्यात एकट्याने व्यवसाय करणाऱ्या वैद्यास आज जो आधार घरबसल्या मिळू शकतो, तो आमच्या गुरुजींच्या पिढीस आठ दिवस टपालाची वाट पाहूनही मिळत नसे. तथापि साधन बदलले, आणि साधनाबरोबर उत्तर देण्याची रीतही गळून पडली. ती पुन्हा उचलून घेतली पाहिजे. कारण हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नसून रुग्णाच्या हिताचा प्रश्न आहे, हे आमचे प्रतिपाद्य आहे.

आमचा अपराध

दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वी आपला अपराध सांगावा हे बरे.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी नव्याने चिकित्सालय उघडलेल्या एका तरुण वैद्येने आम्हां वीसेक जणांना एक सामायिक ई-पत्र पाठविले. पन्नाशीची स्त्रीरुग्ण, सांध्यांचे ठिकाणी शोथ व वेदना, सकाळी उठल्यावर ताठरपणा, अरुची, अग्निमांद्य. आमवाताचे निदान करून गुग्गुळकल्प द्यावा काय, आणि दिल्यास मात्रा काय असावी, अशी तिची विचारणा होती. आम्ही दोन रुग्णांच्या मधल्या वेळात पत्राच्या आरंभीच्या चार-पाच ओळी वाचल्या आणि तत्काळ लिहिले : ‘‘सिंहनाद गुग्गुळ निःशंकपणे द्यावा.’’ पत्र धाडून आम्ही पुढील रुग्णाकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी तिचे उत्तर आले. ‘‘सर, आपण तत्परतेने मार्गदर्शन केलेत याबद्दल ऋणी आहे. परंतु माझ्या पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात रुग्णेच्या हृदयाच्या कृत्रिम झडपेचा आणि रक्त गोठू नये म्हणून चालू असलेल्या आधुनिक औषधाचा उल्लेख आहे. त्या स्थितीतही गुग्गुळ निःशंकपणे देता येईल का, एवढीच शंका आहे.’’

शंका रास्त होती. तशा औषधाबरोबर गुग्गुळ योजताना सावधगिरी हवी, हे आम्हांसही ठाऊक होते. आम्ही तो परिच्छेद वाचलाच नव्हता. ‘चुकलो’ हा एक शब्द पुरेसा होता. परंतु वीस व्यवसायबंधूंसमोर आपली चूक उघडी पडली, या जाणिवेने आमच्यातील वैद्य मागे सरला आणि अहंकार पुढे आला. आम्ही सर्वांना लिहिले : ‘‘पदवी घेऊन वर्षही न झालेल्यांनी आधी ग्रंथ उघडावेत, मग शंका काढाव्यात.’’ दोघा-तिघांनी हास्याची चिन्हे पाठविली. त्या शेवटच्या परिच्छेदाविषयी मात्र कोणीही एक अक्षर लिहिले नाही.

त्यानंतर त्या वैद्येचे एकही पत्र आले नाही. दोन वर्षांनी एका विभागीय मेळाव्यात ती भेटली. वाकून नमस्कार करून तिने आपणहून सांगितले की, त्या रुग्णेस तिने गुग्गुळ दिला नाही. हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून, रक्ताची तपासणी वेळोवेळी करवून, पथ्य आणि दीपन-पाचनावर भर देत तिने चिकित्सा केली व रुग्णेस उपशय मिळाला. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकतो न टाकतो तोच ती पुढे म्हणाली, ‘‘पुढच्या पावसाळ्यात कामलेचा एक तरुण रुग्ण आला होता, सर. त्याला झापड येत होती. मला शंका आली. पत्र लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि शेवटी पाठवलंच नाही. म्हटलं, आणखी कुणीतरी काहीतरी बोलेल. त्यात एक दिवस गेला. मग जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवला. वाचला तो. पण विचारलं असतं, तर कुणीतरी ‘आजच पाठवा’ म्हटलं असतं.’’

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य आम्हांस आजही टोचते. आम्ही तिला गुग्गुळाविषयी जे चुकीचे उत्तर दिले, त्याने अपाय झाला नाही, कारण ती सावध होती. आमच्या दुसऱ्या उत्तराने मात्र अपाय झाला. त्याने एक प्रश्न मुकाट केला, आणि त्या मौनाची किंमत आमच्यापासून कोसो दूर असलेल्या, आम्हांस अपरिचित अशा एका तरुणाने मोजली.

चरकाचार्यांनी सांगितलेली रीत

त्या रात्री घरी परतल्यावर आम्ही चरकसंहितेच्या विमानस्थानाचा आठवा अध्याय काढला. अभ्यासक्रमात तो सर्वांनीच वाचलेला असतो. परंतु तद्विद्यसंभाषा, वादमार्ग, निग्रहस्थाने हा सारा भाग परीक्षेपुरता पाठ करून आपण मोकळे होतो. वास्तविक, वैद्याने वैद्याशी कसे बोलावे याचा इतका बारकाईने विचार केलेला तो अध्याय आहे की, ई-पत्रांचा व्यवहार डोळ्यांपुढे ठेवून लिहिला असावा असे वाटावे.

ज्ञानप्राप्तीचे तीन उपाय तेथे सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. म्हणजे व्यवसायबंधूंशी चर्चा हा विरंगुळा नसून विद्येचा तिसरा पाय आहे. चर्चेने पूर्वी ऐकलेल्यातील संदेह फिटतो, निःसंदेह असलेले दृढ होते आणि न ऐकलेलेही कानी पडते. इतकेच नव्हे, तर गुरूने प्रसन्न होऊन शिष्यास क्रमाक्रमाने दिलेले गुह्यही चर्चेच्या ओघात त्याच्या तोंडून सहज बाहेर पडते, असे एक मार्मिक निरीक्षण आचार्यांनी नोंदविले आहे.

या संभाषेचे दोन प्रकार आहेत : संधाय आणि विगृह्य. पहिला मैत्रीचा, दुसरा जयपराजयाचा. संधाय संभाषा कोणाशी करावी? जो ज्ञानविज्ञानसंपन्न असून रागीट नाही, मत्सरी नाही, समजूत घातल्यास ऐकणारा आहे, क्लेश सोसणारा आहे आणि ज्याचे बोलणे गोड आहे, त्याच्याशी. आणि अशा चर्चेत कसे वागावे? विश्वासाने विचारावे, विश्वासाने विचारणाऱ्यास स्पष्ट उत्तर द्यावे, पराभवाच्या भीतीने अस्वस्थ होऊ नये, दुसऱ्याचे चुकले तर हर्ष मानू नये व चारचौघांत मिरवू नये, एकच बाजू हट्टाने धरून बसू नये, आणि जे आपणांस ठाऊक नाही त्याचे वर्णन करू नये. या सहा गोष्टींपैकी किमान चार आमच्या त्या दोन ओळींच्या उत्तराने मोडल्या होत्या.

आणखी एक गोष्ट त्या अध्यायात आढळली आणि आम्ही पोथी मिटून ठेवली. वाक्छलाचे उदाहरण म्हणून आचार्यांनी ‘नवतंत्र’ हा शब्द घेतला आहे. एकजण वैद्यास ‘तू नवतंत्र आहेस’, म्हणजे तुझे शास्त्राध्ययन नवे आहे, असे म्हणतो. तो वैद्य ‘नव’ म्हणजे नऊ असा अर्थ काढून उत्तर देतो की, मी नऊ तंत्रांचा नव्हे, एकाच तंत्राचा आहे. उदाहरण शब्दच्छलाचे खरे. परंतु आमचे लक्ष वेधले ते त्या पहिल्या टोमण्याने. तू नवा आहेस, तुला काय कळते? हेच आम्ही त्या वैद्येस म्हटले होते. शंकेचे उत्तर देता आले नाही की शंका घेणाऱ्याचे वय काढावे, ही खोड इतकी जुनी आहे तर!

उत्तराचे दोष आणि त्यांचे परिमार्जन

याच अध्यायात न्यून, अधिक, अनर्थक, अपार्थक आणि विरुद्ध असे पाच वाक्यदोष सांगितले आहेत, तर निग्रहस्थानांत ‘अर्थांतर’ हे एक आहे. आजच्या पत्रव्यवहाराला हे निकष लावून पाहिले असता पुढील मुद्दे आम्हांस महत्त्वाचे वाटतात.

पहिला मुद्दा संपूर्ण वाचनाचा. प्रश्न शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याविना उत्तराचे पहिले अक्षर लिहू नये. रुग्णाचे अर्धे दर्शन घेऊन नाडीवरचा हात उचलणारा वैद्य आणि अर्धे पत्र वाचून उत्तर देणारा वैद्य यांत अंतर नाही. मोबाईलच्या लहान पडद्यावर पत्राचा तळ दिसत नाही, ही सबब आहे, कारण नव्हे. वेळ नसेल तर उत्तर देऊ नये; रात्री द्यावे, उद्या द्यावे. प्रसंग तातडीचा असेल, तर उत्तर लिहीत न बसता दूरध्वनी करावा.

दुसरा मुद्दा संदर्भाचा. ज्या वाक्यास आपण उत्तर देत आहोत तेवढे वाक्य वर ठेवून त्याखाली आपले उत्तर लिहावे, आणि मूळ पत्राचा उरलेला मजकूर काढून टाकावा. पुष्कळ जण याच्या दोन टोकांना असतात. काही जण नुसतेच ‘होय, चालेल’ असे लिहितात. तोवर मध्ये इतर पाच पत्रे आलेली असतात, आणि काय चालेल, वमन की विरेचन, हे कोणासच कळत नाही. हा न्यून दोष होय. दुसरे काही जण आधीची सगळी सात-आठ पत्रे जशीच्या तशी खाली लटकवून वर ‘सहमत’ एवढा एकच शब्द लिहितात. वाचणाऱ्याने धान्याच्या राशीतून तो एक दाणा वेचावा अशी त्यांची अपेक्षा असते. आमच्या गुरुजींचे पहिले वाक्य या दोहोंच्या बरोबर मध्ये होते.

तिसरा मुद्दा विषयांतराचा. अर्थांतराचे उदाहरण देताना आचार्य म्हणतात की, ज्वराची लक्षणे सांगावयाची असता प्रमेहाची सांगणे हे अर्थांतर. आपल्याकडे कोणी विषमज्वराविषयी विचारतो. दुसरा म्हणतो, ज्वरावरून आठवले, गुळवेल हल्ली शुद्ध मिळत नाही. तिसरा औषधी निर्मात्यांच्या भावांवर घसरतो. चौथा शासनाच्या धोरणावर. चारही विषय चर्चेस योग्य आहेत. परंतु ज्वराचा रुग्ण तसाच राहिला! नवा विषय सुचला तर नव्या शीर्षकाचे नवे पत्र लिहावे. जुन्याच पत्रावर ‘उत्तर द्या’ ही कळ दाबून त्याच शीर्षकाखाली नवे गुऱ्हाळ सुरू केले, तर सहा महिन्यांनी ज्वराची ती चर्चा शोधणाऱ्याच्या हाती गुळवेलीचे भाव लागतात.

चौथा मुद्दा अधिकाचा. आयुर्वेदाविषयी बोलणे चालू असता बृहस्पतीच्या किंवा शुक्राचार्यांच्या शास्त्रातील असंबद्ध गोष्टी सांगणे, तसेच संबद्ध गोष्टही दोनदा सांगणे, हा अधिक दोष होय. सण-उत्सवांच्या शुभेच्छा, कोठून तरी आलेले आणि तसेच पुढे ढकललेले सुविचार, राजकारणावरील टिप्पण्या हे आजचे बार्हस्पत्य आणि औशनस होय. अभिनंदन करावयाचे तर ज्याचे करावयाचे त्याला एकट्याला लिहावे. ते त्यालाही अधिक गोड लागते. ‘सर्वांस उत्तर’ आणि ‘प्रेषकास उत्तर’ या दोन कळा वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या का आहेत, याचा विचार पत्र धाडण्यापूर्वी प्रत्येक वेळी करावा. पंचवीस जणांनी पंचवीस वेळा ‘धन्यवाद’ लिहिले, तर त्या गर्दीत सव्विसावे पत्र, ज्यात एखाद्या रुग्णाची निकड आहे, ते न वाचताच खाली सरकते.

पाचवा मुद्दा हेतूचा. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन यांपैकी एकही अंग उणे असेल तर ते वचन न्यून ठरते. प्रत्येक पत्रात पंचावयव वाक्य रचावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ‘अमुक कल्प रामबाण आहे’ ही केवळ प्रतिज्ञा झाली. ती ग्रंथोक्त आहे, गुरुपरंपरेने आलेली आहे, की स्वानुभवाची आहे? ग्रंथोक्त असल्यास स्थान व अध्याय कोणता? अनुभवाची असल्यास किती रुग्णांत, कोणत्या अवस्थेत, किती काळ, आणि किती जणांत उपशय मिळाला नाही? मात्रा, काळ, अनुपान आणि कोणास देऊ नये, हे सांगितल्याविना औषधाचे नाव सांगणे म्हणजे अनोळखी माणसाच्या हाती उघडे शस्त्र देणे होय. विशेषतः रसकल्पांच्या बाबतीत हे आम्ही हात जोडून सांगतो. आपले उत्तर ज्या वीस जणांपर्यंत जाते, त्यांतील दोघे ते उद्या सकाळी आपापल्या रुग्णांवर योजणार आहेत, असे समजूनच लिहावे.

सहावा मुद्दा क्रोधाचा. १९९५ च्या ऑक्टोबर महिन्यात इंटेल या संस्थेत काम करणाऱ्या सॅली हॅम्ब्रिज यांनी संगणकीय पत्रव्यवहाराच्या शिष्टाचाराची एक मार्गदर्शिका सिद्ध केली. आरएफसी १८५५ या क्रमांकाने ती ओळखली जाते. भावनेच्या भरात उत्तर लिहावेसे वाटल्यास एक रात्र थांबावे, असा तीत एक सल्ला आहे. प्रज्ञापराधाचे विवरण करणाऱ्या आणि क्रोध हा धारणीय वेग मानणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांस तरी हे नव्याने सांगावे लागू नये. पोस्टकार्डाच्या काळी ही रात्र आपोआप मिळत असे. सकाळी पेटी उघडेपर्यंत राग निवे, आणि कित्येक पत्रे पेटीपर्यंत जातच नसत. आता ती रात्र आपली आपणच निर्माण केली पाहिजे. आम्ही ती त्या दिवशी घेतली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

सातवा मुद्दा रुग्णाच्या गुप्ततेचा. त्याच विमानस्थानीय अध्यायात शिष्याला दीक्षा देताना आचार्य बजावतात की, रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत. आज रुग्णाचे नाव, वय आणि पत्ता स्पष्ट दिसत असलेला तपासणीचा अहवाल, चेहऱ्यासह त्वचारोगाचे छायाचित्र वीस जणांकडे एका क्षणात जाते आणि त्या वीसांकडून कोठे जाते, हे कोणासच सांगता येत नाही. प्रश्न विचारणाऱ्याने नाव झाकले नसेल, तर उत्तर देणाऱ्याने तेच चित्र पुन्हा जोडून पाठवू नये, आणि विचारणाऱ्यास एकांतात, सौम्य शब्दांत सावध करावे. २०२३ मध्ये आपल्या संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. आपल्यावर मात्र हे बंधन त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

आठवा मुद्दा चूक दाखविण्याचा आणि तो सर्वांत नाजूक आहे. सामान्य नियम असा की, गौरव सभेत करावा आणि दोष एकांतात सांगावा. परंतु ज्या चुकीने रुग्णास अपाय संभवतो, ती जेथे केली तेथेच, सर्वांसमोर दुरुस्त केली पाहिजे; कारण चुकीचे उत्तर ज्यांनी वाचले त्या सर्वांपर्यंत दुरुस्तीही पोहोचली पाहिजे. त्या तरुण वैद्येने तेच केले होते, आणि आमच्याहून कितीतरी अधिक विनयाने केले होते. दुरुस्ती औषधाची करावी, व्यक्तीची करू नये. आणि ज्याची दुरुस्ती झाली त्याने ती त्याच ठिकाणी, तितक्याच लोकांसमोर मान्य करावी.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल की, असे प्रत्येक पाऊल जपून टाकले तर वादाची धार जाईल. आपल्या शास्त्रात खंडनमंडनाची परंपरा आहे, आणि चरकाचार्यांनी विगृह्य संभाषाही सांगितली आहे.

सांगितली आहे खरी. परंतु ती सांगताना आधी प्रतिपक्षाचे आणि परिषदेचे परीक्षण करावयास सांगितले आहे. परिषद ज्ञानवती असते किंवा मूढ असते, आणि या दोहोंतही सुहृत्, उदासीन व प्रतिनिविष्ट असे तीन प्रकार असतात. सामायिक पत्रातील आपली परिषद कोणती? जे लिहितात ते चार-पाच. बाकीचे मूकपणे वाचणारे उदासीन. त्यांतले बहुतेक तरुण आहेत, आणि पुढे आपण काही विचारावे की नाही, हे ते आपल्या उत्तरांवरून ठरवीत आहेत. सिद्धांतावर वाद घालावयाचा तर तो जरूर घालावा. आमवातात स्नेहन केव्हा करावे, यावर दोन वैद्यांनी कडकडून भांडावे, आम्ही आनंदाने वाचू. परंतु जो रुग्णाला समोर बसवून विचारतो आहे, तो वादी म्हणून आलेला नसतो. त्याच्याशी विगृह्य संभाषा करणे हे वादकौशल्य नव्हे, ते कर्तव्याचे विस्मरण आहे.

आणि वाद व्हावा तर कसा, याचा आदर्शही आपल्याच संहितेत आहे. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात चैत्ररथ वनात ऋषी एकत्र आले आहेत आणि रसांची संख्या किती, हा प्रश्न आहे. भद्रकाप्य एक म्हणतात, शाकुंतेय दोन, पूर्णाक्ष मौद्गल्य तीन, हिरण्याक्ष चार, कुमारशिरा भरद्वाज पाच, राजर्षी वार्योविद सहा, विदेहाधिपती निमी सात, बडिश धामार्गव आठ, आणि बाह्लीक देशाचे वैद्य कांकायन तर रस अगणित आहेत असे म्हणतात. पुनर्वसू आत्रेय कोणाचाही उपहास करीत नाहीत. रस सहाच, असा निर्णय ते देतात आणि इतर मते का ग्राह्य नाहीत हे सकारण सांगतात. ग्रंथकारानेही चुकीची ठरलेली मते गाळली नाहीत. प्रत्येकाच्या नावानिशी जपून ठेवली. त्याच्या आधीच्या अध्यायात, एकेक पक्ष धरून बसलेले लोक घाण्याभोवती फिरणाऱ्यासारखे गरगरत राहतात, त्यांना अंत सापडत नाही, असेही आत्रेयांनीच बजावले आहे.

यातून विचारणाऱ्याचेही एक कर्तव्य निघते. ज्याने प्रश्न विचारला त्याने, उत्तरे आल्यानंतर, त्यांचा सारांश सर्वांना कळवावा : कोणी काय सुचविले, आपण काय केले, आणि रुग्णास काय झाले. वर उल्लेखिलेल्या मार्गदर्शिकेतही, आलेल्या उत्तरांची नुसती चळत न पाठविता खरा सारांश पाठवावा, असे म्हटले आहे. आत्रेयांनी चैत्ररथ वनात हेच केले. आपल्याकडे मात्र दहा जण उत्तरे देतात आणि रुग्णाचे पुढे काय झाले हे अकराव्यास कधीच कळत नाही. फलश्रुतीविना चर्चा म्हणजे उपशय-अनुपशय न पाहता चालविलेली चिकित्सा होय.

समारोप

आम्ही औषध देताना देश, काल, बल, वय, सात्म्य पाहतो, मात्रा ठरवितो, अनुपान सांगतो. उत्तर हेही व्यवसायबंधूला दिलेले औषधच आहे. प्रश्नकर्त्याचे बल पाहावे, प्रसंगाचा काल पाहावा, मात्रा ठरवावी आणि सौजन्याचे अनुपान त्यासोबत द्यावे. तेवढ्याने ते सौम्य होते, निर्वीर्य होत नाही.

आपल्या शाखांनी नव्या पदवीधरांच्या स्वागतसमारंभात विमानस्थानाच्या या अध्यायावर एखादे व्याख्यान ठेवावे, अशी आमची सूचना आहे. परंतु ते व्याख्यान नव्यांपेक्षा आमच्या वयाच्या वैद्यांसाठी अधिक आवश्यक आहे, हेही नमूद करतो.

मेळाव्यातील त्या भेटीनंतर आम्ही त्याच वीस जणांना एक पत्र लिहिले. वर तिची ती शंका जशीच्या तशी ठेवली, खाली लिहिले की, शंका योग्य होती, आमचे उत्तर पत्र न वाचता दिलेले होते, आणि त्यानंतरचे उत्तर अशोभनीय होते. दोन वर्षे उशिरा आलेले ते उत्तर होते. पंधरा दिवसांनी तिचे पत्र आले. त्यात आमच्या पत्राचा उल्लेख नव्हता. ग्रहणीच्या एका रुग्णाविषयी प्रश्न होता, चार परिच्छेदांचा. आम्ही तो शेवटपर्यंत वाचला, आणि उत्तराचे पहिले वाक्य लिहिले : ‘‘आपल्या पत्रात आपण असे विचारले आहे की...’’